मासेमारी बोटीवर एकापेक्षा जास्त बॅटऱ्या: जोडणी, चार्जिंग आणि शासकीय योजनांचा आधार

थोडक्यात

यांत्रिक मासेमारी बोटीवर इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी आणि दिवे, वायरलेस, जीपीएस यांची बॅटरी वेगळी ठेवावी. दोन्ही बॅटऱ्या एकाच अल्टरनेटरवर चार्ज व्हाव्यात, पण एक उतरली तर तिच्यामुळे दुसरी उतरू नये. शक्य असल्यास फक्त वायरलेस आणि ट्रान्सपाँडरसाठी तिसरी लहान राखीव बॅटरी उंच जागी बसवावी. ही व्यवस्था कशी करायची, किती क्षमता लागते आणि कोणत्या योजनांचा उपयोग होऊ शकतो, याची माहिती या लेखात दिली आहे.

ही माहिती कोणासाठी आहे?

• इनबोर्ड डिझेल इंजिन आणि सेल्फ स्टार्टर असलेल्या बोटींचे मालक, तांडेल आणि खलाशी
• दोरीने सुरू होणारे आउटबोर्ड इंजिन असलेल्या लहान फायबर होड्यांचे मालक
• मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी
• बंदरावर बोटींचे काम करणारे वायरमन

जोडणीचे काम अनुभवी वायरमनकडूनच करून घ्यावे. मात्र बोट तुमची आहे आणि समुद्रावर वायरमन सोबत नसतो. त्यामुळे कोणती वायर कुठे जाते, हे मालक आणि तांडेल या दोघांनाही माहीत असायला हवे.

एकच बॅटरी का पुरत नाही?

समजा, बोट किनाऱ्यापासून दूर नांगरावर आहे. जाळे टाकले आहे आणि इंजिन बंद आहे. डेकवरचे दिवे, जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस आणि चार-पाच मोबाईल अशी सगळी साधने एकाच बॅटरीवर चालू आहेत. पहाटे वारा वाढतो. जाळे ओढून निघायचे ठरते, पण सेल्फ मारल्यावर नुसता टक-टक आवाज येतो. बॅटरी उतरलेली असते.

इंजिन सुरू होत नाही, म्हणून अल्टरनेटर फिरत नाही. अल्टरनेटर फिरत नाही, म्हणून बॅटरी चार्ज होत नाही. बॅटरी उतरल्यामुळे वायरलेसवरून मदतही मागता येत नाही. इंजिन, दिवे आणि संपर्क या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जातात. एकाच बॅटरीवर सगळा भार ठेवण्याचा खरा धोका हाच आहे.

हा धोका टाळण्यासाठी नुसती मोठी बॅटरी घेणे पुरेसे नाही. मोठी बॅटरी उतरायला वेळ जास्त लागतो इतकेच. ती उतरली की परिस्थिती तीच राहते. उपाय म्हणजे कामांची विभागणी.

बॅटऱ्यांची विभागणी

१. स्टार्टर बॅटरी: हिच्यावर फक्त इंजिनाचा स्टार्टर आणि इंजिनाची स्वतःची उपकरणे असावीत. स्टार्टरला काही सेकंदांसाठी खूप मोठा विद्युतप्रवाह लागतो. त्यासाठीची बॅटरी पातळ प्लेटांची असते. ती वारंवार खोलवर उतरवली तर लवकर खराब होते. हिची क्षमता इंजिन कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी.

२. कामाची बॅटरी: हिच्यावर दिवे, जीपीएस, फिश फाइंडर, मोबाईल चार्जिंग आणि रोजची इतर साधने असतात. येथे कमी प्रवाह बराच वेळ लागतो. त्यासाठी जाड प्लेटांची, म्हणजे खोलवर उतरू शकणारी बॅटरी घ्यावी. बाजारात ती डीप सायकल या नावाने मिळते.

३. राखीव बॅटरी: हिच्यावर फक्त व्हीएचएफ वायरलेस आणि ट्रान्सपाँडर चालावा. ही बॅटरी इंजिनच्या खोलीत न ठेवता केबिनमध्ये उंचावर ठेवावी. इंजिनच्या खोलीत पाणी शिरले तर खाली ठेवलेल्या बॅटऱ्या आधी बुडतात. नेमक्या त्याच वेळी वायरलेसची सर्वांत जास्त गरज असते.

बोटीत तीन बॅटऱ्यांसाठी जागा किंवा पैसा नसेल, तर पहिल्या दोन तरी वेगळ्या कराव्यात आणि स्वतःची बॅटरी असलेला हातातला व्हीएचएफ संच पूर्ण चार्ज करून सोबत ठेवावा.

किती क्षमता लागेल? हिशोब असा करा

प्रत्येक साधनावर किंवा त्याच्या पुस्तिकेत वॅट लिहिलेले असतात. वॅटला वापराच्या तासांनी गुणा. सर्वांची बेरीज करून तिला बॅटरीच्या व्होल्टने, म्हणजे १२ ने भागा. उत्तर अँपिअर-तासांत, म्हणजे बोलीभाषेत एएचमध्ये येते.

पुढील आकडे केवळ नमुन्यासाठी आहेत. तुमच्या बोटीवरील साधनांचे आकडे घालून हिशोब करा.

• नांगराचा व दिशादर्शक एलईडी दिवा: १० वॅट × १२ तास = १२०
• डेकवरचे २ एलईडी दिवे: ४० वॅट × ६ तास = २४०
• व्हीएचएफ वायरलेस, ऐकणे आणि थोडे बोलणे: २४ तासांत सुमारे १६०
• जीपीएस आणि फिश फाइंडर: १५ वॅट × १२ तास = १८०
• ट्रान्सपाँडर: १० वॅट × २४ तास = २४०
• मोबाईल चार्जिंग: ४० वॅट × २ तास = ८०
• तळाचे पाणी काढणारा पंप: ६० वॅट × अर्धा तास = ३०

एकूण १,०५० वॅट-तास. भागिले १२, म्हणजे सुमारे ८८ एएच.

याचा अर्थ ८८ एएचची बॅटरी घ्यावी असा नाही. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. म्हणून दुप्पट क्षमता धरावी: सुमारे १७५ एएच. यासाठी १०० एएचच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडता येतील. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. तिच्यासाठी सुमारे ११० एएच पुरेसे होते.

वरील हिशोबात इंजिन २४ तास बंद आहे असे धरले आहे. इंजिन मध्ये काही तास चालत असेल तर प्रत्यक्षात बॅटरी कमी उतरेल. तरीही हिशोब याच पद्धतीने करावा, कारण तयारी इंजिन बंद पडलेल्या दिवसासाठी करायची असते.

राखीव बॅटरीचा हिशोब वेगळा करा. वायरलेसचे १६० आणि ट्रान्सपाँडरचे २४० मिळून ४०० वॅट-तास, म्हणजे सुमारे ३३ एएच होतात. त्यामुळे ७० एएचची चांगली बॅटरी ही दोन साधने निदान एक दिवस-रात्र चालवू शकते.

महत्त्वाचे: माशांना आकर्षित करण्यासाठी प्रखर एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यास भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातली आहे. डेकवर काम करण्यासाठी लागणारे दिवे आणि नियमानुसार लावायचे दिशादर्शक दिवे वेगळे. बॅटरीचा हिशोब तेवढ्यापुरताच करावा.

कोणत्या प्रकारची बॅटरी घ्यावी?

• पाणी भरायची लेड-ॲसिड बॅटरी: स्वस्त आणि सर्वत्र मिळते. डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी लागते. बोट कलंडल्यावर ॲसिड सांडू शकते.
• घरगुती इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी: खोलवर उतरणे सहन करते, पण उंच आणि जड असते. हलत्या बोटीत तिच्यातूनही ॲसिड सांडू शकते. वापरायची असेल तर चारही बाजूंनी घट्ट बांधावी.
• एजीएम किंवा इतर सीलबंद बॅटरी: किंमत जास्त, पण ॲसिड सांडत नाही आणि पाणी भरावे लागत नाही. लहान होडीसाठी हा सुरक्षित पर्याय आहे.
• लिथियम आयर्न फॉस्फेट: हलकी आणि दीर्घकाळ टिकणारी. मात्र तिला स्वतःची संरक्षण प्रणाली आणि योग्य चार्जर लागतो. साध्या अल्टरनेटरवर ती थेट जोडू नये. सर्वच लिथियम बॅटऱ्या स्टार्टरला लागणारा मोठा प्रवाह देऊ शकत नाहीत.

समांतर जोडणी करताना

दोन बॅटऱ्यांचे प्लस एकमेकांना आणि मायनस एकमेकांना जोडले की व्होल्ट १२ च राहतात आणि एएचची बेरीज होते. यासाठी दोन्ही बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनी बॅटरी नवीला जोडली तर जुनी बॅटरी नवीला खाली ओढते.

बाहेर जाणारी प्लसची वायर पहिल्या बॅटरीवरून घेतली असेल तर मायनसची वायर दुसऱ्या बॅटरीवरून घ्यावी. दोन्ही वायरी एकाच बॅटरीवरून घेतल्या तर त्या बॅटरीवर जास्त ताण येतो आणि ती आधी खराब होते.

२४ व्होल्टची यंत्रणा असल्यास

काही मोठ्या इंजिनांचा स्टार्टर २४ व्होल्टचा असतो. त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. अशा बोटींवर वायरलेस किंवा जीपीएससाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घेतल्याचे दिसते. असे करू नये. ती एक बॅटरी सतत कमी भरलेली राहते आणि दुसरी प्रमाणापेक्षा जास्त भरते. शेवटी दोन्ही खराब होतात. १२ व्होल्टची साधने २४ वरून १२ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरवर किंवा स्वतंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावीत.

एकाच अल्टरनेटरवर दोन बॅटऱ्या चार्ज करण्याचे मार्ग

पहिला मार्ग, हाताने फिरवायचा स्विच: या स्विचवर बंद, १, २ आणि दोन्ही अशा चार जागा असतात. तो स्वस्त आहे, पण सर्व काही माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहते. इंजिन बंद केल्यावर स्विच ‘दोन्ही’वरच राहिला तर दोन्ही बॅटऱ्या एकत्र उतरतात. तसेच इंजिन चालू असताना स्विच ‘बंद’वर नेऊ नये, अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

दुसरा मार्ग, व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा रिले: बाजारात तो व्हीएसआर या नावाने मिळतो. इंजिन सुरू झाल्यावर आधी स्टार्टर बॅटरी भरते. तिचे व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की रिले कामाची बॅटरी जोडतो. इंजिन बंद होऊन व्होल्टेज साधारण १२.८ च्या खाली आले की रिले दोन्ही बॅटऱ्या पुन्हा वेगळ्या करतो. खलाशाला काहीही लक्षात ठेवावे लागत नाही. लेड-ॲसिड बॅटऱ्या असलेल्या बहुतेक बोटींसाठी हा मार्ग सोयीचा आहे.

तिसरा मार्ग, डीसी ते डीसी चार्जर: कामाची बॅटरी लिथियमची असेल तर हाच वापरावा. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह खेचते, त्यामुळे अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय तिच्या संरक्षण प्रणालीने चालू चार्जिंगमध्ये अचानक जोडणी तोडली तर अल्टरनेटरचे नुकसान होऊ शकते. हा चार्जर प्रवाह मर्यादित ठेवतो.

कोणताही मार्ग निवडला तरी दोन बॅटऱ्या गरजेपुरत्या एकत्र करणारा आणीबाणीचा स्विच ठेवावा. स्टार्टर बॅटरी उतरली तर कामाच्या लेड-ॲसिड बॅटरीवर इंजिन सुरू करता येते. इंजिन सुरू झाल्यावर हा स्विच पुन्हा मूळ जागी आणावा.

चार्जिंगला किती वेळ लागतो?

अल्टरनेटरवर ५५ अँपिअर लिहिलेले असले तरी गरम झाल्यावर आणि इंजिन हळू फिरत असताना तो बराच कमी प्रवाह देतो. तो ३५ अँपिअर देतो असे धरले तर ८८ एएच भरण्यासाठी केवळ भागाकाराने अडीच तास येतात. प्रत्यक्षात काही ऊर्जा वाया जाते. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत लवकर भरते आणि त्यानंतर हळूहळू. त्यामुळे बंदरातून मासेमारीच्या जागेपर्यंत तास-दीड तास इंजिन चालले म्हणजे बॅटरी पूर्ण भरली, असे समजू नये.

सौर पॅनल: १०० वॅटचे पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ३०० वॅट-तास बॅटरीत भरू शकते. वरील नमुना हिशोबाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा ते थोडे जास्त आहे. ढगाळ हवेत खूपच कमी मिळते. पॅनलवर डोलकाठीची, दोरखंडाची किंवा जाळ्याची सावली पडू देऊ नका आणि त्यावर साचलेले मीठ गोड्या पाण्याने धुवा. पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर आवश्यक आहे. लहान पॅनल राखीव बॅटरीला स्वतंत्रपणे जोडणे सर्वांत उपयोगी ठरते, कारण मग ती बॅटरी इंजिनावर अवलंबून राहत नाही.

जेट्टीवरील वीज: बोट बंदरात असताना २३० व्होल्टवर चालणाऱ्या चार्जरने बॅटऱ्या पूर्ण भरता येतात. चार्जर कोरड्या जागी ठेवा. वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय जेट्टीवरून वीज घेऊ नका. उघड्या जोडाची वायर ओल्या डेकवरून नेणे जीवघेणे ठरू शकते.

वायर आणि फ्यूज

वायर बारीक असेल तर बॅटरी भरलेली असूनही साधनाला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. उदाहरणार्थ, साधन बॅटरीपासून ५ मीटर दूर आहे आणि १० अँपिअर घेते. जाणारी आणि येणारी मिळून वायर १० मीटर होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर सुमारे ०.३ व्होल्टच जातात. बॅटरी थोडी उतरलेली असताना वायरलेस बोलण्याच्या वेळी बंद पडत असेल तर आधी वायर आणि जोड तपासा.

• कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्या. खाऱ्या हवेत साधे तांबे हिरवे पडते आणि जोड सुटतो.
• वायरच्या टोकांना लग दाबून बसवा. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड समुद्रावर टिकत नाहीत.
• कामाच्या आणि राखीव बॅटरीच्या प्लसवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ मुख्य फ्यूज बसवा. दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो.
• प्रत्येक साधनाला स्वतंत्र फ्यूज द्या. फ्यूज वायरला जळण्यापासून वाचवतो. तो वारंवार उडतो म्हणून त्याजागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावू नका; कारण शोधा.
• तळाचे पाणी काढणाऱ्या स्वयंचलित पंपाला स्वतःच्या फ्यूजसह थेट बॅटरीवरून वायर द्या. मुख्य स्विच बंद असतानाही पंप सुरू होऊ शकला पाहिजे.

बसवताना घ्यायची काळजी

• चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो हलका असल्याने वर साचतो आणि ठिणगीने पेट घेतो. बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूने हवा जाण्याची वाट ठेवा. जवळ विडी, स्टोव्ह किंवा ठिणगी नको.
• लेड-ॲसिड बॅटरीत खारे पाणी गेले तर विषारी क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. पेटी पाण्याच्या पातळीपासून वर ठेवा.
• बॅटरी पट्ट्याने किंवा चौकटीने घट्ट बांधा. लाटेत सुटलेली बॅटरी वायर तोडते आणि आग लावू शकते.
• जोड काढताना आधी मायनस काढा आणि जोडताना मायनस शेवटी जोडा.
• अंगावर ॲसिड उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा. डोळ्यात गेल्यास धुतल्यानंतर लगेच डॉक्टरकडे जा.

लहान होड्यांसाठी: दोरीने सुरू होणारे आउटबोर्ड इंजिन असेल तर स्टार्टर बॅटरीची गरज नसते. दिवा, जीपीएस आणि वायरलेससाठी एक सीलबंद बॅटरी आणि लहान सौर पॅनल पुरेसे होते. बॅटरी झाकण असलेल्या पेटीत आणि पेट्रोलच्या टाकीपासून दूर ठेवा.

निघण्यापूर्वी मल्टीमीटरने तपासा

इंजिन आणि साधने काही तास बंद असताना १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचे व्होल्टेज साधारण असे दिसते:

• १२.७: पूर्ण भरलेली
• १२.४: सुमारे पाऊण
• १२.२: सुमारे निम्मी, आता चार्ज करा
• १२.० किंवा कमी: जवळजवळ उतरलेली, अशी बॅटरी घेऊन निघू नका

इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४ असावे. ते १३.२ च्या खाली राहत असेल तर अल्टरनेटरचा पट्टा आणि जोड पाहा. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर तपासून घ्या. लिथियम बॅटरीला हे आकडे लागू होत नाहीत. तिच्यासाठी कंपनीची पुस्तिका पाहा.

समुद्रावर बॅटरी उतरू लागल्यास

१. दिवे, मोबाईल चार्जिंग आणि फिश फाइंडर आधी बंद करा. बोट इतरांना दिसण्यासाठीचा दिवा चालू ठेवा.
२. सेल्फ पुन्हा पुन्हा मारू नका. दोन प्रयत्नांमध्ये थोडा वेळ जाऊ द्या.
३. बॅटरीचे जोड सैल किंवा गंजलेले आहेत का पाहा.
४. आणीबाणीच्या स्विचने दोन्ही बॅटऱ्या एकत्र करून एकदा प्रयत्न करा. राखीव बॅटरी इंजिनासाठी वापरू नका.
५. इंजिन सुरू होत नसेल तर वायरलेस चालू असतानाच, म्हणजे बॅटरी पूर्ण संपण्याआधी, जवळच्या बोटींना आणि व्हीएचएफ चॅनेल १६ वर कळवा. जीवाला धोका असल्यास ट्रान्सपाँडरवरून संकटसंदेश पाठवा.

मोबाईलला रेंज असेल तर भारतीय तटरक्षक दलाचा शोध व बचावासाठीचा निःशुल्क क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३ उपलब्ध आहेत.

कोणत्या शासकीय योजनांचा उपयोग होऊ शकतो?

ट्रान्सपाँडर: प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेअंतर्गत नौका संपर्क व सहाय्य प्रणालीचा देशव्यापी शुभारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. किनारी ९ राज्ये आणि ४ केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख यांत्रिक व मोटार बसवलेल्या मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवण्याचे हे काम आहे. इस्रोने विकसित केलेले हे साधन नौकामालकांना विनामूल्य दिले जाते. त्यावरून संकटसंदेश पाठवता येतो आणि हवामानाचा व सागरी सीमेचा इशारा मिळतो. हे साधन बोटीच्या बॅटरीवर चालते, हे लक्षात ठेवा. ते बसवताना वायर कोणत्या बॅटरीवर घेतली, हे तंत्रज्ञाला विचारून घ्या.

संपर्क साधने आणि सुरक्षा संच: प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक व मोटार बसवलेल्या नौकांसाठी संपर्क साधने आणि सुरक्षा संच यांना सहाय्याची तरतूद आहे. लाभार्थीकेंद्रित घटकांत सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिलांना ६० टक्क्यांपर्यंत सहाय्य मिळते. त्यात बॅटरी, वायर आणि चार्जर धरले जातील असे गृहीत धरू नका. दरपत्रकात हे भाग वेगवेगळे दाखवा आणि कोणते भाग ग्राह्य आहेत, हे खरेदीपूर्वी मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून लेखी घ्या. मंजुरीआधी केलेल्या खर्चावर सहाय्य मिळेल असे समजू नका.

किसान क्रेडिट कार्ड: २०१८-१९ पासून ही सुविधा मच्छीमारांनाही मिळते. डिझेल, बर्फ, मजुरी आणि बंदराचे शुल्क यांसारख्या खेळत्या खर्चासाठी हे कर्ज आहे. बॅटरी बदलण्याचा खर्च त्यात बसतो का, हे तुमच्या बँक शाखेत विचारा.

अपघात विमा: प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतील सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास २.५ लाख रुपये आणि अपघातानंतर रुग्णालयातील उपचारांसाठी २५,००० रुपयांपर्यंत संरक्षण आहे. हप्ता शासन भरते. बोटीवरील प्रत्येक खलाशाचे नाव नोंदले आहे का, हे संस्थेत तपासा.

अर्ज कुठे करावा? जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा तुमच्या मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत. नौका नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, आधार, बँक पासबुक आणि दरपत्रक सोबत ठेवा. इतर कागदपत्रे राज्यानुसार बदलू शकतात. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नोंदणी केली नसेल तर तीही करून घ्या.

काम कधी करावे? मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत. पश्चिम किनाऱ्यावर ही बंदी १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात असते. त्याच काळात बॅटऱ्या महिन्यातून एकदा तरी पूर्ण चार्ज करा. उतरलेल्या अवस्थेत दोन महिने पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी बहुधा पुन्हा पूर्ण भरत नाही.

जुनी बॅटरी: बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या इतर कचऱ्यात टाकता येत नाहीत. त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात देऊन किमतीत सूट मागा. ॲसिड समुद्रात किंवा जेट्टीवर ओतू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाडीची बॅटरी बोटीवर चालेल का?
स्टार्टरसाठी, क्षमता पुरेशी असल्यास चालेल. दिवे आणि वायरलेससाठी नाही. रोज खोलवर उतरल्याने ती लवकर खराब होईल.

दोन्ही बॅटऱ्या नेहमी एकत्रच ठेवल्या तर काय बिघडेल?
दोन्ही एकत्र उतरतील. मग दोन बॅटऱ्या असूनही स्थिती एकाच बॅटरीसारखी होईल.

पैसे कमी आहेत. आधी काय करावे?
आधी स्टार्टर बॅटरी वेगळी करा आणि मुख्य फ्यूज बसवा. त्यानंतर आपोआप जोडणारा रिले, मग राखीव बॅटरी आणि शेवटी सौर पॅनल, असा क्रम ठेवा.

जोडणी नीट झाली हे कसे ओळखावे?
बोट जेट्टीला बांधलेली असताना इंजिन बंद करून कामाच्या बॅटरीवरची सर्व साधने रात्रभर चालू ठेवा. सकाळी आणीबाणीचा स्विच न वापरता सेल्फ मारा. इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले आणि वायरलेसवर शेजारच्या बोटीने तुमचा आवाज स्पष्ट ऐकला, तर जोडणी बरोबर आहे. ही चाचणी दर हंगामाच्या सुरुवातीला, बोट बंदर सोडण्याआधी करा.